पेटी उद्यानात, किल्ली शिलालेखात

१/
नाशिकमध्ये जिओकॅशिंगची ऐतिहासिक वाट आखायची झाली तर ती त्रिरश्मी डोंगराच्या पायथ्याशी, नेहरू वनोद्यानात आखावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र एका अटीवर: वर लेण्यांत एकही वस्तू लपवायची नाही. ही अट का, आणि ती पाळूनही खेळ अधिक रंगतो कसा, हे या धाग्यात मांडतो.
#इतिहासधागा #नाशिक

२/
खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची त्रुटी काढून टाकली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगॉन राज्यात रानात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. शोधणाऱ्याने ती हुडकावी, आतल्या वहीत नाव लिहावे, एखादी वस्तू घेतली तर आपली एक ठेवावी. हाच खेळ पुढे जगभर पसरला.

३/
(कल्पना त्याहूनही जुनी आहे. इंग्लंडच्या डार्टमूर माळावर १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमियर पूल येथे एक बाटली ठेवली होती. तिथवर पोहोचणारे आपले नाव लिहिलेला कागद तीत टाकून येत. उपग्रह नव्हते, पाय होते.)

४/
आता अटीकडे वळू. डार्टमूरवर ‘लपवलेली पेटी’ हा निरुपद्रवी शब्दप्रयोग असेल; महाराष्ट्रात तो तसा नाही. आपल्याकडे जुनी वास्तू म्हटली की ‘खाली धन पुरले आहे’ ही समजूत तिच्यामागे चालत येते. त्या लोभापायी गढ्यांच्या भिंती खणल्या जातात, मंदिरांच्या फरश्या उखडल्या जातात. पुरलेल्या धनाविषयी १८७८ पासून स्वतंत्र कायदा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यालाही गुप्तधनासाठी होणाऱ्या अघोरी प्रकारांची दखल घ्यावी लागली.

५/
अशा भूमीत दोन हजार वर्षांच्या लेण्यांजवळ ‘खजिना शोधा’ असा फलक लावणे म्हणजे मुलांना नकळत तीच समजूत नव्या वेष्टनात देणे होय. संरक्षित स्मारकाला इजा केल्यास १९५८ च्या कायद्यानुसार, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु माझा आक्षेप दंडाच्या भीतीचा नाही. दगडाच्या फटीत डबा शोधणारा हात दगडावरची अक्षरे पाहत नाही, हा आहे.

६/
म्हणून माझा आराखडा असा: पेट्या सगळ्या खाली उद्यानात, परवानगी घेऊन, आणि त्या उघडण्याची किल्ली वर, शिलालेखांत. वर जाऊन वाचल्याशिवाय खालची पेटी सापडणारच नाही.

७/
विषय कोणता घ्यावा? बहुतेकांचे पहिले उत्तर गौतमीपुत्र सातकर्णी असेल. लेणे क्र. ३ मधली त्याच्या मातेची, गौतमी बलश्रीची प्रशस्ती खरोखरच भव्य आहे. पण राजांवर धागे उदंड झाले. मी वाट आखीन ती विणकरांवर आणि व्याजावर.

८/
लेणे क्र. १० च्या ओसरीत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. वर्ष ४२, वैशाख महिना. त्याने या लेण्यासाठी ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रकमेला हात न लावता केवळ व्याज वापरायची ठेव, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवली. २००० एका कोलिकनिकायाकडे, म्हणजे विणकरांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने.

९/
आता हिशेब करा. २००० वर दरमहा २०, वर्षाला २४०. आणि लेख काय सांगतो? लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणे. २० × १२ = २४०. एका पैचाही फरक नाही!

१०/
सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद आजचा शाळकरी मुलगा पडताळून पाहू शकतो. दुसऱ्या ठेवीचे वार्षिक व्याज ९०. हे दोन आकडे हीच वाटेची पहिली किल्ली. पायथ्यापुरते अंश आणि मिनिटे सर्वांना आधीच दिलेली असतील, १९ अंश ५६ मिनिटे उत्तर, ७३ अंश ४४ मिनिटे पूर्व. मिनिटांचे दशांश तेवढे दडवायचे. २४० आणि ९० मध्ये आखणाऱ्याने दिलेली संख्या मिळवली की ते उलगडतील.

११/
येथे एक मौजेची अडचण आहे. नाशिकच्या लेखांतले ब्राह्मी अंक गणिताच्या इतिहासग्रंथांत आवर्जून दाखवले जातात. त्यांत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. १००० च्या चिन्हालाच रेघ जोडून २००० लिहिले जाई. म्हणजे ब्राह्मी अंकांतून थेट अक्षांश लिहिताच येत नाहीत. भाषांतर करावेच लागते. वाट आखणाऱ्याला ही अडचण वाटेल, मला ती वाटेचा उत्तम भाग वाटते. पहिल्या पेटीत ब्राह्मी अंकांचा तक्ता ठेवावा आणि मगच पायऱ्या चढाव्यात.

१२/
पुढचे दोन थांबे. चैत्यगृह म्हणजे लेणे क्र. १८: प्रवेशद्वारावरचा लेख नासिककांच्या धंभिक गावाचे दान नोंदवतो. राजा नाही, श्रेष्ठी नाही. अख्खे गाव दाता. शिवाय आपल्या शहराचे नाव कोरीव अक्षरांत. लेणे क्र. १७: उत्तरेकडच्या दात्तामित्री नगराचा यवन इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा पुत्र. ‘बाहेरचा कोण’ या आपल्या आजच्या वादांत हा माणूस कोठे बसवायचा, हे प्रत्येकाने ओसरीत उभे राहून ठरवावे.

१३/
या लेखांत पांडव कोठेही नाहीत. डोंगराचे नाव त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु. बोलीत पांडवलेणी म्हणायला हरकत नाही. वाटेच्या नकाशावर मात्र लेखातले नाव असावे. पायथ्याशी बुद्धविहार आहे, वर आजही श्रद्धेने येणारे लोक आहेत. शर्यत लावून, घड्याळ धरून हा खेळ येथे खेळू नये.

१४/
काही व्यवहाराच्या गोष्टी. कातळाखाली जीपीएस भरकटते, म्हणून वरचे थांबे लेण्यांच्या क्रमांकाने द्यावेत. दोन पेट्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, हा खेळाचा नियम. उद्यानात तीन-चार पुरेत. पेटी पारदर्शक, बाहेर ठळक मराठीत नाव आणि हेतू. बेवारस डब्याने घबराट होते, आणि सिंहस्थाच्या काळात तर त्या काढूनच ठेवाव्यात. अक्षरांना खडू लावणे, बोट फिरवणे सक्त मना.

१५/
विणकरांवरून येवल्याच्या पैठणीपर्यंत सरळ रेघ ओढण्याचा मोह होईल. तो टाळावा, मधल्या शतकांचा पुरावा जोडल्याशिवाय तसे म्हणता येत नाही. गोवर्धन नावाचे गाव मात्र नाशिकच्या पश्चिमेला आजही आहे. सायकलने जाण्याजोगे.

१६/
उषवदाताच्या लेखात शेवटी म्हटले आहे की हे दान निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले. शेवटच्या पेटीतल्या वहीला मी ‘फलक’ हेच नाव देईन. तीत चार रकाने: नाव, गाव, तारीख, आणि शोधणाऱ्याने स्वतः मांडलेला २४० चा हिशेब.