सुपावरचा शेरा

दर्यापूर तालुक्यातल्या एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांनी तपासणीच्या शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवली आहे. ‘महिला प्रवेशित तूर डाळ निवडताना आढळल्या. प्रवेशितांकडून काम करून घेणे योग्य नाही. ७ दिवसांत खुलासा सादर करावा.’ त्याच नमुन्यात ‘मनोरंजनाची साधने’ या रकान्यापुढे ‘टीव्ही आहे, समाधानकारक’ अशी नोंद आहे. दिवसभर टीव्हीपुढे मान टाकून बसणे समाधानकारक आणि हातात सूप घेणे गैर, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

या डाळीची हकिगत अशी. दिवाळीनंतर दाखल झालेल्या एक आजी अर्ध्या जेवणावरून उठायच्या. वजन उतरत होते, तपासण्यांत काही सापडेना. एक दिवस वरणात खडा लागला आणि आजी कडाडल्या, “म्या निवडली असती तं खडा आलाच नसता!” काळजीवाहक मुलीने दुसऱ्या दिवशी सूप पुढे ठेवले. तेव्हापासून आजींच्या हाताखालून गेल्याशिवाय डाळ चुलीवर चढत नाही. खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात ती लवकर शिजत नाही, म्हणून किती आधी भिजवायची तेही त्याच सांगतात. आता पंगत उठेपर्यंत बसतात. याहून वेगळा खुलासा तो काय द्यायचा?

ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात ‘कल्याण’ म्हणजे अन्न, आरोग्यसेवा, मनोरंजन केंद्रे आणि इतर आवश्यक सोयी. डाळ निवडायची मुभा आम्ही त्या ‘इतर’मध्येच धरतो. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या एका शुश्रूषागृहात काही वृद्धांना आपापले निर्णय आणि एकेक रोपटे सांभाळायला दिले. बाकीच्यांच्या रोपट्यांना परिचारिका पाणी घालत. पहिला गट अधिक तरतरीत आणि हिंडताफिरता राहिला. इतके लांब तरी कशाला जायचे? अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांच्या हातांना कामच दिले होते.

पण अशा शेऱ्याच्या धास्तीने आपल्या काही सभासद वृद्धाश्रमांनी सुपे माळ्यावर टाकली, याचा आम्हाला राग आहे. लसूण सोलायला आजींना तास लागतो, म्हणून ते काम काढून घेणाऱ्यांचाही. आणि स्वयंपाकीण कमी करून तिचा भार प्रवेशितांवर टाकणाऱ्या संस्थेची बाजू आम्ही कधीही घेणार नाही. कामाला माप नसावे, सक्ती नसावी, आणि काम केले नाही म्हणून कुणाच्या ताटातली पोळी कमी होऊ नये.

मंडळी, नोंदी ठेवा. कोणी वाती वळल्या, कोणी अंबाडी निवडली, किती वेळ बसले, स्वतःहून की सांगून, हे रोज केसपेपरवर लिहा. ‘आज नको’ म्हटले असेल तर तेही लिहा. तपासणीच्या नमुन्यात ‘दैनंदिन कामांतील सहभाग’ हा रकाना घालावा, असे निवेदन आपण सर्व मिळून वरिष्ठ कार्यालयाला देणार आहोत. आपल्याकडे असा शेरा आला असेल, तर त्याची आणि दिलेल्या खुलाशाची प्रत २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा.