जरा पाणी टाकावं लागतं

पिंपळीपासून इंदापूरपर्यंतच्या आमच्या पट्ट्यात सध्या विशी-पंचविशीतल्या पोरांना एकच वेड आहे. छोटी, चपळ, टर्बो पेट्रोल गाडी. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. पोलो जीटी हे त्यातलं पहिलं नाव, आणि फियाटची अबार्थ पुंटो मिळालीच तर सोन्याहून पिवळं. दोन्ही आपल्याच जिल्ह्यातल्या गाड्या. पोलो चाकणची, अबार्थ रांजणगावची. पोरं मोबाईलमध्ये फोटो घेऊन येतात, मागोमाग त्यांचे वडीलही येतात. पोरगा पिकअपबद्दल बोलत राहतो. वडील एकच विचारतात, "एवढंसं इंजिन आणि एवढी ताकद. आपल्या उन्हात तापणार नाही का?"

प्रश्न रास्त आहे. पण उन्हाला मी अर्धाच दोष देईन. आपल्याकडे या गाड्यांचा जीव जातो तो पाण्यामुळे.

आधी उन्हाचा हिशोब करू. चालत्या इंजिनात कूलंट साधारण ९० ते ९५ अंशांवर असतं. रेडिएटर उष्णता बाहेर फेकतो ती कूलंट आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाच्या जोरावर. बाहेर २० अंश असतील तर हा फरक ७५ अंशांचा, आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश असतील तर फक्त ५५ अंशांचा. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात पाव हिश्श्याहून जास्त कमजोर पडतो. कंपन्या हे धरूनच रेडिएटर आणि फॅन बसवतात. सगळं मूळच्या स्थितीत असेल तर बारामतीचा उन्हाळा या गाड्या सहज काढतात.

मात्र त्यांना हयगय चालत नाही. जुन्या प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं होतं आणि ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. २०२० नंतरच्या टर्बो पोलोचं इंजिन त्याहून लहान, ९९९ सीसी, आणि ताकद ११०. अबार्थ १३६८ सीसीमधून १४५ काढते. पेट्रोलमधली जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा कामी येते, बाकीची सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. ताकद अडीच-तीनपट झाली की बाहेर टाकायची उष्णताही त्याच बेताने वाढते, आणि ती एवढ्याशा जागेतून काढायची असते. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. एकदा तापून वाकलं की गॅसकेट गेलंच.

आता पाणी. आमच्या पिढीला इंजिन म्हणजे काय ते कळलं विहिरीवर. खडकीला १९४६ साली किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी सुरू झाली आणि पुढे गावोगावच्या विहिरींवर ती इंजिनं आली. पंपाने उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी एका बारीक नळीने इंजिनाभोवती फिरायचं आणि कोमट होऊन पाटात पडायचं. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्या कोमट धारेखाली हातपाय धुवायचो. जाड बिडाचं, संथ चालणारं इंजिन होतं ते. कसलंही पाणी त्याला चालायचं. पुढे ट्रॅक्टर आले, जीप आल्या, तरी रीत तीच राहिली. तापलं की थांबायचं आणि पाणी घालायचं. त्या यंत्रांवर या रीतीने माणसांची आयुष्यं निघाली, म्हणून ती हातात इतकी मुरली आहे. बापाच्या हातून ती पोराच्या हाती आली, आणि पोराच्या हाती आता टर्बो गाडी आहे.

आपलं पाणी कसं आहे हे मी सांगायला नको. नीरा डाव्या कालव्याने आपल्याला ऊस दिला, आणि सोबत चोपण झालेल्या जमिनी आणि क्षारांनी भरलेल्या विहिरीही दिल्या. उष्णता, दुष्काळ आणि क्षार यांचा पिकांवर पडणारा ताण अभ्यासायला केंद्र सरकारने २००९ साली राष्ट्रीय संस्था काढली ती आपल्या माळेगावात, यातच सगळं आलं. आंघोळीच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच थर बोअरच्या पाण्याने इंजिनाच्या आत बसतो. आणि तो आधी धरतो सर्वांत तापलेल्या जागी, हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, जिथून उष्णता सर्वांत आधी निघायला हवी.

कूलंट म्हणजे रंगीत पाणी, असं समजणारे अजून पुष्कळ आहेत. त्यात साधारण निम्मं ग्लायकॉल असतं आणि निम्मं क्षारमुक्त पाणी. हे मिश्रण मोकळ्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं, आणि कूलंटच्या टाकीच्या झाकणाने धरलेल्या दाबाखाली तर १२० च्याही पुढे. शिवाय ॲल्युमिनियम खाल्लं जाऊ नये म्हणून त्यात रसायनं असतात. त्यात बाटलीभर बोअरचं पाणी ओतलं की हे सगळं पातळ होतं. त्याहून वाईट म्हणजे मूळ रोग झाकला जातो. बंद यंत्रणेतलं कूलंट कमी झालं याचा अर्थ ते कुठून तरी जातंय. थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर तडकलं असेल, वॉटर पंपाचं सील गेलं असेल, होज पाईपची क्लिप ढिली असेल किंवा गॅसकेटच गेलं असेल.

पुतण्यासाठी भिगवण रोडला एक गाडी पाहायला गेलो होतो. एमएच ४२ पासिंग, लाल रंग, टायर नवे. पुतण्या अलॉयवरून हात फिरवत होता. आम्ही पोचायच्या आधीच मालकाने गाडी फिरवून आणली होती, त्यामुळे टाकीचं झाकण उघडता येईना. तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, हे प्रत्येकाने पक्कं लक्षात ठेवावं. चहा झाला, गप्पा झाल्या, तासाभराने बोनेट उघडलं. टाकीच्या गळ्याला पांढरी खपली, आत गंजाच्या रंगाचं पाणी. इंजिन निवलं होतं, एसी बंद होता, तरी चावी फिरवताच फॅन भणभणायला लागला. फॅन डायरेक्ट केला होता. मग गाडी चालवली, तर काटा कितीतरी वेळ मधोमध येईचना. म्हणजे थर्मोस्टॅटही कुणीतरी काढून टाकलेला. मालक माणूस सरळ होता. म्हणाला, "काका, गाडी एकदम टकाटक आहे. उन्हाळ्यात फक्त जरा पाणी टाकावं लागतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी हा दोष नव्हताच. आम्ही गाडी घेतली नाही.

डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार भरवसा ठेवू नका. अलीकडच्या अनेक गाड्यांत तापमान थोडं खालीवर झालं तरी काटा मधोमधच ठेवलेला असतो. तो हलला तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून स्कॅनर असलेला फिटर सोबत न्या, आणि एसी बंद ठेवून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवून तापमानाचा खरा आकडा पाहा. तो वर चढावा, फॅन लागावा, आकडा उतरावा, फॅन थांबावा, आणि हे पुन्हा पुन्हा व्हावं. गाडी पुण्याची असेल तर मालकाला म्हणा, हडपसरहून दुपारी एसी लावून दिवेघाट चढू. पोरांच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट हमखास असते, रिमॅप. संगणकाचं सेटिंग बदलून ताकद वाढवलेली असते, रेडिएटर मात्र तोच. हे मालकाला स्पष्ट विचारा.

आणि तापतं ते इंजिनच असं नाही. जुन्या १.२ पोलो जीटीत सात गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता, त्याचे क्लच कोरडे. गळीत हंगामात बारामती-इंदापूर रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागे रखडत जाताना त्या क्लचचे हाल होतात.

मला विचाराल तर पिंपळीच्या पोराने २०२० नंतरची एक लिटरची टर्बो पोलो, म्हणजे टीएसआय घ्यावी, तीही साध्या गिअरची. इथे पोलो बनणं २०२२ मध्ये थांबलं, पण ते इंजिन कंपनीच्या नव्या गाड्यांत चालू आहे, सामान मिळतं. अबार्थवर माझं मनापासून प्रेम आहे, तशी गाडी या किमतीत पुन्हा झाली नाही. पण फियाटने इथला बाजार सोडला, आता एकेका पार्टसाठी वणवण करावी लागते. ज्याची ती तयारी असेल त्यानेच तिच्या वाटेला जावं.

घरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. गाडी आणल्यावर डिकीत पाण्याचा कॅन ठेवू नका, कंपनीने सांगितलेल्या कूलंटची बाटली ठेवा. आणि गाडी पाहायला सकाळी जा. आदल्या रात्रीच मालकाला फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. त्याने ऐकलं नाही आणि बोनेट गरम लागलं, तर ती निवेपर्यंत थांबा, किंवा दुसरी गाडी बघा.