जुना सुपरमॅन विकत घ्यावा का?

रमजान ईदचा तिसरा दिवस होता. माझा भाचा हातात प्लास्टिकचा डबा घेऊन आमच्या घरी आला. तो नववीत शिकतो. डब्यात त्याची दोन वर्षांची ईदी होती. त्याने नोटा मोजून माझ्यापुढे ठेवल्या आणि वडिलांच्या मोबाइलवर एक चित्र दाखवले. निळे कपडे, पाठीवर लाल झगा, छातीवर इंग्रजी एस हे अक्षर.

"मामू, जुन्या सुपरमॅनची सतरा कार्टून आहेत. सगळी एकाच संचात मिळतात. घेऊ का?"

मी त्याला लगेच 'हो' म्हणालो नाही, आणि लगेच 'नाही'ही म्हणालो नाही. आमच्या घरात शिरखुर्म्याची भांडी अजून घासायची राहिली होती, पाहुणे येत-जात होते. तरी आम्ही दोघे तासभर त्याच विषयावर बोलत बसलो. विद्यार्थी मित्रांनो, असा प्रश्न तुमच्याही मनात येऊ शकतो. म्हणून माझे मत येथे मांडतो. ते तुम्हाला पटलेच पाहिजे असे नाही.

प्रथम ही कार्टून कोणती, ते सांगतो. सुपरमॅन हे पात्र अमेरिकेतील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी निर्माण केले. दोघेही स्थलांतर करून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. सीगल कथा लिहीत असे, शूस्टर चित्रे काढत असे. 1938 साली त्यांची पहिली सुपरमॅन-कथा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात छापून आली. त्या कथेसाठी आणि पात्राच्या सर्व हक्कांसाठी त्यांना मिळाले एकशे तीस डॉलर! पुढे सुपरमॅनच्या नावावर इतरांनी अमाप पैसा मिळवला आणि हे दोघे हलाखीत राहिले. 1975 साली बरीच ओरड झाल्यावर कंपनीने त्यांना वार्षिक निवृत्तिवेतन सुरू केले आणि निर्माते म्हणून त्यांची नावे पुन्हा छापण्याचे कबूल केले. गंमत अशी, की ज्या धनादेशाने त्यांना ते पैसे मिळाले होते, तो कागद 2012 साली लिलावात एक लाख साठ हजार डॉलरना विकला गेला. कागदाला मोल आले, ते कागद कमावणाऱ्यांच्या हयातीनंतर.

आता कार्टूनकडे येऊ. मॅक्स फ्लायशर आणि डेव्ह फ्लायशर या भावांचा चित्रपट-स्टुडिओ त्या काळी नावाजलेला होता. पालक खाऊन ताकद मिळवणारा पॉपाय पडद्यावर आणला तो यांनीच. पॅरामाउंट कंपनीने त्यांना सुपरमॅनची मालिका करायला सांगितली. हे काम फार कठीण आणि खर्चाचे आहे, हे डेव्ह जाणून होता. काम टळावे म्हणून त्याने एका भागाला एक लाख डॉलर लागतील, असा आकडा सांगितला म्हणतात. कंपनीने घासाघीस केली आणि पहिल्या भागाला पन्नास हजार डॉलर कबूल केले. नंतरच्या भागांना सुमारे तीस हजार. तेव्हाच्या मानाने हेही फार मोठे होते. आपल्याकडे लग्नाचा मंडपवाला काम नको असले की दुप्पट भाव सांगतो आणि गिऱ्हाईक 'बरं, चालेल' म्हणते, तशातला हा प्रकार.

पहिला भाग सप्टेंबर 1941 मध्ये पडद्यावर आला. त्याला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र वॉल्ट डिझ्नीच्या कार्टूनला गेले. 1943 पर्यंत एकूण सतरा भाग निघाले. पहिले नऊ फ्लायशर बंधूंच्या हाताखाली झाले. मग पॅरामाउंटने त्यांना बाजूला केले, स्टुडिओचे नाव बदलले आणि उरलेले आठ भाग त्याच चित्रकारांपैकी अनेकांकडून करून घेतले. नऊ आणि आठ ही विभागणी लक्षात ठेवा. विकत घ्यायचे की नाही, याचे अर्धे उत्तर तिच्यात आहे.

पहिल्या नऊ भागांची मी जितकी स्तुती करीन तितकी थोडीच आहे. 'मेकॅनिकल मॉन्स्टर्स' या भागाचे उदाहरण घेतो. एका शास्त्रज्ञाने लोखंडी यंत्रमानव बनवले आहेत. ते पंख काढून उडतात आणि बँका लुटतात. जवाहिरांच्या प्रदर्शनावर एक यंत्रमानव चालून येतो, तेव्हा लोइस लेन ही वार्ताहर त्याच्या पोटात लपून बसते. तिचा सहकारी क्लार्क टेलिफोनच्या उभ्या खोक्यात शिरतो आणि सुपरमॅन होऊन बाहेर पडतो. शेवटी शास्त्रज्ञ वरून वितळलेला धातू ओततो. सुपरमॅन आपला झगा पसरून लोइसला झाकतो, आणि लाल-पिवळा रस झग्यावरून दोन्ही बाजूंना ओघळतो. हे सारे हाताने काढलेले आहे. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. आठ मिनिटांच्या कार्टूनच्या साडेअकरा हजारांवर चौकटी होतात. प्रत्येक चौकटीला नवे चित्र लागत नाही हे खरे, तरीही हजारो चित्रे रेखाटून, रंगवून, एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवावी लागत. संगणक नव्हताच.

मला सर्वांत आवडते ती त्यातली सावली. रात्रीचे शहर, भिंतीवर पडलेली लांब सावली, खिडकीतून आलेला तिरपा उजेड. साध्या कार्टूनमध्ये सगळीकडे सारखाच उजेड असतो, येथे तसे नाही. माणसे चालतातही माणसांसारखी. खऱ्या माणसाचे चित्रीकरण करून त्यावरून रेषा काढण्याचे यंत्र मॅक्स फ्लायशरनेच शोधले होते आणि 1917 साली त्याला त्याचे पेटंट मिळाले होते. आणखी एक. कॉमिकमधला पहिला सुपरमॅन उडत नसे, लांब उड्या मारत असे. कार्टूनमध्ये त्या उड्या बऱ्या दिसेनात, म्हणून चित्रकारांनी त्याला उडू दिले. आज त्याला कोणी टोळासारखा उड्या मारताना पाहिले तर हसेल.

आपल्यासारख्यांना एक फायदा आणखी आहे. या कार्टूनांत संभाषण फार थोडे. इंग्रजी कच्चे असले तरी काही अडत नाही. माझ्या आईने एक भाग पाहिला, तिला सगळे समजले. फक्त 'हा चश्मा लावला की त्याला कोणी ओळखत कसे नाही?' हे तिला समजले नाही. मलाही समजलेले नाही.

आता उणे बाजू. सतरा भाग ओळीने पाहिले तर कंटाळा येतो. लोइस बातमीच्या मागे धावते, संकटात सापडते, क्लार्क कपडे बदलतो, सुपरमॅन येतो, शेवटी क्लार्क हसून आपल्याकडे पाहतो. आठवड्याला नव्हे, तर महिन्याला एक पाहावा अशीच ही वस्तू आहे. चित्रपटगृहात मोठ्या चित्रपटाच्या आधी दाखवण्यासाठीच ती बनवली होती.

याहून मोठी उणीव शेवटच्या आठ भागांत आहे. डिसेंबर 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. मग सुपरमॅनलाही युद्धावर पाठवले गेले. 'जापोटर्स' नावाच्या भागात अमेरिकेत राहणारा जपानी माणूस म्हणजे लपलेला हेर, असे दाखवले आहे. त्याचे दात, डोळे, हसणे, सर्व काही किळस यावी असेच काढले आहे. हा भाग सप्टेंबर 1942 चा. त्याच वर्षी अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार लोकांना घरादारांतून उठवून छावण्यांत ठेवले. त्यांतील बहुतेक जण जन्माने अमेरिकन नागरिक होते. त्यांत शाळकरी मुले होती, दुकानदार होते, शेतकरी होते. 1988 साली सरकारने कायदा करून त्यांची माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले.

छावण्या कार्टूनमुळे उभ्या राहिल्या, असे मी म्हणत नाही. पण शेजारचे घर रिकामे होताना जे मूल चित्रपटगृहात बसून त्या दातांना हसत होते, त्याला शेजाऱ्याची कीव येणे थोडे अवघड झाले असेल. चित्रकाराच्या हातात हीदेखील ताकद असते. एखादी जमात ठरावीक नाक-डोळ्यांची, ठरावीक कपड्यांची आणि ठरावीक वाईट कामे करणारी अशीच पुन्हा पुन्हा दाखवली, तर काय होते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

पण याच मालिकेची एक गोष्ट मला फार आवडते. पहिला भाग निघाला त्याच 1941 साली टोकियोत एक मूल जन्मले. हायाओ मियाझाकी. मोठेपणी तो जगातील श्रेष्ठ कार्टूनकारांपैकी एक झाला. 1986 साली आलेल्या त्याच्या 'कॅसल इन द स्काय' या चित्रपटात लांब हातांचे, उडणारे यंत्रमानव आहेत. त्यांचे मूळ 'मेकॅनिकल मॉन्स्टर्स'मध्ये आहे. ज्या मालिकेने त्याच्या लोकांची टिंगल केली, तिच्यातले चांगले तेवढे त्याने उचलले आणि त्याचे आणखी चांगले केले. त्याच्या चित्रपटातला यंत्रमानव पक्ष्यांच्या घरट्याला धक्का लागू नये म्हणून जपतो.

पहिले नऊ भाग अगदी निर्दोष आहेत, असेही नाही. 'इलेक्ट्रिक अर्थक्वेक'मध्ये एक मूलनिवासी अमेरिकन शास्त्रज्ञ वृत्तपत्राच्या कचेरीत येतो. मॅनहॅटन बेट माझ्या लोकांचे आहे, ते परत द्या, असे तो म्हणतो. कोणी त्याला दाद देत नाही. मग तो समुद्राखालून विजेच्या तारा टाकून शहराला भूकंपाचे धक्के देतो आणि सुपरमॅन त्याला पकडतो. शहर हादरवणारा गुन्हेगार पकडला गेला, हे योग्यच झाले. पण 1626 साली डच लोकांनी ते बेट साठ गिल्डरच्या मालाच्या मोबदल्यात 'विकत घेतले' होते, आणि जमीन कायमची विकता येते ही कल्पना तिथल्या लोकांना मान्य होती का, यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात. कार्टून हा प्रश्न विचारते, आणि मग त्याला धक्क्यांच्या आवाजात बुडवून टाकते.

आता पैशांचे बोलू. 'किफायत' हा शब्द तुमच्या घरातला आहे आणि मराठीनेही तो आपला मानला आहे. तेव्हा किफायतीने विचार करू. जुन्या अमेरिकन कायद्याप्रमाणे अठ्ठावीस वर्षांनी हक्काचे नूतनीकरण करावे लागे. या सतरा भागांचे ते कोणी केले नाही. त्यामुळे हे भाग सर्वांचे झाले. आपल्या कायद्यातही चित्रपटाचा हक्क साठ वर्षांनी संपतो, म्हणजे येथेही ते मोकळे आहेत. सुपरमॅन हे पात्र मात्र आजही मोकळे नाही, नाही तर तुम्ही उद्याच त्याची वही छापायला घ्याल! सांगायचे एवढेच, की हे सतरा भाग इंटरनेटवर फुकट पाहणे चोरी नाही.

जे सर्वांचे असते ते कोणीही विकू शकतो, आणि येथेच फसगत होते. बी.एड.ला असताना मी मुंबईत फुटपाथवर पन्नास रुपयांना अशीच एक डीव्हीडी घेतली होती. वेष्टनावर झगझगीत चित्र. आत सुपरमॅनचा निळा रंग धुतलेल्या पायजम्यासारखा, रात्रीचे प्रसंग काळे ठिक्कर, आवाजात पावसाची सरसर. ज्या सावल्यांसाठी पाहायचे त्याच दिसत नव्हत्या. भाच्याने दाखवलेला संच तसा नाही. वॉर्नर कंपनीने 2023 साली जुन्या फिती स्वच्छ करून तो ब्लू-रे डिस्कवर काढला. चित्र स्पष्ट आहे. फार घासूनपुसून घेतल्यामुळे मूळ फितीचा बारीक कणही गेला, अशी तक्रार काही जाणकारांनी केली, पण आपल्याला तेवढ्याने बिघडत नाही.

मी भाच्याला विचारले, "तुमच्या घरी ब्लू-रे प्लेअर आहे का?"

तो गप्प राहिला. घरी जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्यात ब्लू-रे चालत नाही. बरे, डीव्हीडी मागवावी तर तिलाही देशांचे विभाग असतात. अमेरिका विभाग एक, भारत विभाग पाच. विभाग जुळला नाही तर प्लेअर डिस्क घेत नाही. म्हणजे डबाभर ईदी देऊन चार लोकांना दाखवायला सुंदर वेष्टन तेवढे हाती येणार.

म्हणून माझे मत असे. स्वतःच्या ईदीतून हा संच घेऊ नये. ज्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक हौशी आहेत आणि यंत्रही आहे, तिने जरूर घ्यावा, आणि मुलांना 'जापोटर्स'सुद्धा दाखवावा, शिक्षक शेजारी बसलेले असताना. घरी पाहायचे असतील तर पहिले नऊ पाहा. फुकट मिळणाऱ्यांतही चांगल्या-वाईट प्रती आहेत. दोन-तीन उघडून पाहा आणि ज्या प्रतीत काळ्या कोटावरच्या सुरकुत्या दिसतात ती ठेवा.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी 'इलेक्ट्रिक अर्थक्वेक' पाहिला. भाच्याने नोटा पुन्हा डब्यात ठेवल्या, झाकण लावले आणि म्हणाला, "मामू, त्या माणसाला पेपरवाल्यांनी आधी बसायला खुर्ची द्यायला हवी होती."

डबा घेऊन तो घरी गेला. ईदीचे पुढे काय करायचे, ते त्याने अजून ठरवलेले नाही.