सांदवाडीतले पाहुणे

नागपूरचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगितला तर त्याला थापा वाटतात. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दुपारी माणसे कूलरपुढून हलत नाहीत, आणि त्याच कूलरच्या मागच्या बाजूला, गळणाऱ्या पाण्याखाली बुलबुल, साळुंक्या आणि खारी येऊन बसतात. घरामागच्या जागेला आपल्याकडे सांदवाडी म्हणतात. जाफरनगर, गोरेवाडा या बाजूच्या भगिनींना हे पाहुणे नवे नाहीत. जंगल जवळ असल्याने तिथे मुंगूस भिंतीकडेने पळते, मोराची हाक ऐकू येते आणि वानरांची टोळी अधूनमधून छपरे हादरवून जाते.

मुक्या जिवाला खाऊ घालणे आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. दस्तरखान झटकण्याआधी त्यावरचे कण चिमण्यांसाठी वेचून ठेवणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस तर प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तिच्याच जोडीने मांजरीची हदीस सांगितली जाते. एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले आणि ते उपाशी मेले, म्हणून तिला शिक्षा झाली. पण या हदीसमधला एक तपशील सांगताना बहुधा घाईने मागे टाकला जातो. त्या स्त्रीने मांजराला स्वतः खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे किडे-मकोडे खायलाही मोकळे सोडले नाही, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले. म्हणजे मोकळ्या जिवाचे अन्न जमिनीवर आणि झाडावर आहेच. ते त्याला शोधू देणे हाही त्याचा हक्क झाला. जो आपल्या दावणीला किंवा पिंजऱ्यात आहे, त्याच्या पोटाची जबाबदारी आपली. जो भिंतीवरून येतो आणि भिंतीवरून जातो, त्याचा हिशेब वेगळा.

वानरांच्या बाबतीत हे फार स्पष्ट दिसते. काळ्या तोंडाचे हे वानर मुळात पाला खाणारे. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि तिथले सूक्ष्मजीव पाला आंबवून पचवतात. पोळी, बिस्किटे, केक, मिठाई हे त्या पोटाचे अन्नच नव्हे. आमच्या गल्लीत एका घरातून वानरांना रोज सकाळी पोळ्या मिळू लागल्या. हेतू नेक होता, शंकाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुटुंब महिनाभर गावी गेले आणि टोळी ठरल्या वेळी आली. बंद दाराशी थोडा वेळ बसली आणि मग शेजारच्या स्वयंपाकघरात शिरली. तिथल्या वृद्ध खाला घाबरून ओट्याशी पडल्या, मनगट मोडले. सदका एकाचा आणि भरपाई दुसऱ्याची, असा हा प्रकार. शिवाय वानर चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी लागते आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठावा लागतो. हळद भरून घरी बसणे जिवावर बेतू शकते.

मग करायचे काय? पाणी ठेवा. मातीचे पसरट भांडे सावलीत, मांजर दबा धरून बसू शकणार नाही अशा जागी ठेवावे. पाणी दोन बोटे पुरे. मध्ये एक खडबडीत दगड असला म्हणजे पडलेली मधमाशीही बाहेर येते. भांडे रोज घासून भरायचे. हे काम मुलांकडे द्यावे, पण ते झाले की नाही हे अम्मीनेच बघावे! शिळ्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, आणि कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करण्याचे कारणही तेच. चिमण्यांना मूठभर बाजरी किंवा तांदळाची कणी चालेल. बिर्याणीचा उरलासुरला भात, शेव, फरसाण नको, त्यातले मीठ त्यांना सोसत नाही. बकरीदच्या दिवसांत छीछडे सांदवाडीत टाकणे तर नकोच. घारींच्या आधी कुत्री येतात.

आणि बघा. नुसते बघण्यातही पुष्कळ आहे. डॉ. सलीम अली लहानपणी मुंबईच्या खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढले. त्यांनी एअरगनने टिपलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणे हलाल की नाही, अशी शंका आली म्हणून ती मामांकडे गेली. मामांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड यांच्याकडे पाठवले आणि पुढचा इतिहास घडला. त्याच वयात त्यांनी एक नोंद लिहून ठेवली होती. चिमणी बिळात अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर. तो मारला की थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी हजर. सात दिवसांत असे आठ नर. (बंदुकीचा भाग मुलांना सांगताना गाळावा.) एका तबेल्यातल्या बिळावर मुलाने ठेवलेली ही नजर. आपल्या मुलांना वहीच्या मागच्या पानावर तारीख, वेळ, कोण आले, काय खाल्ले, एवढे लिहायला काय लागते?

पिल्लू गोड दिसते म्हणून ठेवून मात्र घेऊ नये. पोपट, खार, मुंगूस हे सारे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. पिंजऱ्यातला मिठ्ठू कितीही कलमा म्हणत असला तरी तो गुन्हाच.

जागा असेल तर पहिल्या पावसात तुती लावावी, नसेल तर कुंडीत गोडलिंब. त्याची काळी फळे बुलबुल चवीने खातात. लावलेल्या झाडाचे पाखराने खाल्ले तर लावणाऱ्याच्या खात्यात सदका लिहिला जातो, हेही हदीसमध्ये आहेच. अशा सदक्याने शेजाऱ्याचे छप्पर फुटत नाही.

उन्हाने किंवा मांजाने पडलेला पक्षी सापडला तर त्याच्या चोचीत पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. छिद्रे पाडलेल्या खोक्यात, अंधारात, थंड जागी ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. जखमी वन्यजिवांवर उपचार करणारे वनविभागाचे केंद्र सेमिनरी हिल्सवर आहे.