पेठेतला तळमजला गाड्यांना देऊ नका

मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका;
मा. सदस्य, वारसा संवर्धन समिती;
आणि पेठांमध्ये नव्या इमारती बांधणारे सर्व बांधकाम व्यावसायिक यांस,



मी कसबा पेठेत राहते. आमच्या आळीतले शेजारशेजारचे दोन वाडे उतरवून झाले आहेत आणि एकत्र केलेल्या त्या जागेवर नव्या इमारतीचा पाया भरला जात आहे. वाडे गेले याची तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. त्यातल्या एकाची मागची भिंत कित्येक वर्षे टेकूवर उभी होती. जिन्याच्या पायऱ्या झिजून मधोमध खोलगट झाल्या होत्या, पावसाळ्यात माजघरात पातेली मांडावी लागत आणि तीन बिऱ्हाडांत मिळून एक संडास होता. तिथे राहणाऱ्यांना धड घर मिळायलाच हवे, आणि तेही पेठेतच. माझे म्हणणे नव्या इमारतीच्या एकाच मजल्याबद्दल आहे. तळमजल्याबद्दल.

पेठांत आता जी इमारत उभी राहते तिचा साचा ठरून गेला आहे. रस्त्यालगत सिमेंटचे खांब, खांबांमध्ये गाड्या, एका कोपऱ्यात लिफ्टचे दार, दुसऱ्या कोपऱ्यात पाण्याची मोटर आणि भिंतीवर विजेच्या मीटरांची रांग. माणसांची वस्ती सुरू होते ती पहिल्या मजल्यापासून. अशी एखादी इमारत आळीत आली तर फारसे बिघडत नाही. पण दोन्ही बाजूंना ओळीने पाच-सहा आल्या, की दिवेलागणीनंतर तेवढ्या टप्प्यातून मुली झपाझप पावले उचलतात. तिथे दार नाही, खिडकी नाही, ओटा नाही. हाक मारली तर ‘ओ’ द्यायला जमिनीलगत कोणी राहतच नाही.

पुण्याचे वाडे म्हटले की विश्रामबागवाडा, नानावाडा, रास्तेवाडा ही नावे पुढे येतात. ती मोठ्या माणसांची घरे. पेठ भरली होती ती साध्या घरांनी. रस्त्याकडचे तोंड अरुंद आणि आत लांबच लांब जागा, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, दगडी जोते, सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट. पुढच्या खणांत दुकान नाहीतर कारखाना, मागे आणि माडीवर बिऱ्हाड, मधे उजेडवाऱ्यापुरता चौक. कसब्यातल्या आळ्यांची नावे घेतली तरी हे कळते. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, फणी आळी, कुंभारवाडा. माणूस जिथे राही तिथेच खाली त्याचे काम चाले, आणि ते काम रस्त्यावरून दिसे.

तांबट आळीत हे आजही थोडेफार पाहायला मिळते. तांब्याचा पत्रा ठोकत गेले की तो कडक होतो. मग त्याला भट्टीत तापवून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे. असे करत हंड्याला, बंबाला पोट येते. शेवटी मठारकाम. भांडे ऐरणीवर फिरवत हातोडीचे एकसारखे ठसे ओळीने उठवत जायचे. हात एका लयीत पडला नाही तर ओळ लगेच वाकडी दिसते. या ठशांनी भांड्याला झळाळी येते आणि ताकदही येते, पातळ पत्रा पोचे न पडता वर्षानुवर्षे टिकतो. या कामाला भक्कम जमीन लागते, भट्टीचा धूर जायला वाट लागते, आणि ठोक्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडलेले शेजारी लागतात. तांबटाला तिसऱ्या मजल्यावर सदनिका दिली तर त्याच्या डोक्यावर छप्पर आले, पण त्याचा धंदा बुडाला. पुनर्विकासाच्या करारात दोन्ही गोष्टी ‘पर्यायी जागा’ या एकाच सदरात मोजल्या जातात. हा मला पेठेवरचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

तीच गत ओसरीची. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा पालख्या विसावतात भवानी पेठेत आणि नाना पेठेत, पण वारकरी पेठापेठांतून पसरलेले असतात. वाड्यांच्या ओसऱ्या आणि चौक त्यांच्यासाठी मोकळे केले जात. अंघोळीला पाणी, पंगतीला जागा, पाठ टेकायला जमीन. आता वारकरी पार्किंगमध्येही पथाऱ्या टाकतात, सोसायट्या आपुलकीने जागा करून देतात, हे मी पाहते. पण गाड्या हलवून तेल सांडलेल्या फरशीवर दिलेली जागा आणि घराने उघडलेली ओसरी यांतला फरक देणाऱ्यालाही कळतो.

तळमजला गाड्यांकडे गेला, त्याला कारण आपले नियम आहेत. पार्किंगसाठी सोडलेला तळमजला चटईक्षेत्रात मोजला जात नाही. तिथे खोली काढली, गाळा काढला की मोजला जातो. शिवाय ठरावीक संख्येने गाड्यांची सोय दाखवल्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही. जेमतेम दोन गुंठ्यांच्या, पुष्कळदा त्याहूनही लहान जागेवर काम करणाऱ्या बिल्डरने यातून दुसरे काय करावे? वानवडी किंवा बाणेरच्या मोकळ्या भूखंडाला शोभणारी अट आपण दहा-बारा फुटी बोळांना लावली. त्यातल्या कित्येक बोळांत मोटार वळतसुद्धा नाही, आणि वळली तर समोरून येणाऱ्या रिक्षाला मागे जावे लागते.

तळघरात गाड्या घ्याव्यात, असे काहीजण सुचवतात. पेठेत ते धोक्याचे आहे. शेजारच्या घराची भिंत मातीची आणि तिचा पाया उथळ, त्याला खेटून खोल खड्डा घेतला तर ती भिंत उभी राहायची नाही. शिवाय या जमिनीखाली कात्रजच्या तलावातून पाणी आणणारा पेशवाईतला नळ आहे, त्याचे हौद आणि उच्छ्वास आहेत. तो कुठून कुठे गेला हे खोदणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

आता तर पार्किंगच्या अटीचे समर्थनही उरलेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला. कसबा पेठ आणि मंडई ही दोन स्थानके पेठांच्या ऐन मध्यावर आहेत. एवढा पैसा ओतून आपण लोकांच्या उंबऱ्याशी गाडी आणली, आणि त्याच उंबऱ्याच्या जागी मोटारी ठेवायची सक्तीही चालू ठेवली. स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरातल्या लहान भूखंडांवर ही सक्ती रद्द करा. ज्यांना मोटार ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी महापालिकेने वाहनतळ चालवावेत. दुचाकींना मागच्या बाजूला जागा पुरते.

मग बांधायचे काय? शहराबाहेर आज डोंगरउतारांवर रो-हाऊस म्हणून जे महागड्या किमतीला विकले जाते, त्याची सगळी लक्षणे पेठेतल्या जुन्या घरात आहेत. ओळीने उभी घरे, भिंतीला भिंत, प्रत्येकाचे दार थेट रस्त्यावर. फक्त पेठेतल्या घराला खाली दुकान होते. त्याच पद्धतीने नवे बांधता येते. २०० चौरस मीटरचा भूखंड धरा. चारी बाजूंनी अंतर सोडून, निम्मी जागा व्यापून, पार्किंगवर चार मजले चढवले तर बांधकाम होते ४०० चौरस मीटर. त्याच भूखंडावर शेजाऱ्याला चिकटून, मधे चौक ठेवून, सत्तर टक्के जागा व्यापली तर जमिनीपासूनच्या तीन मजल्यांत ४२० चौरस मीटर मिळतात. हा हिशेब जाडा आहे, दर जागेला तो थोडा बदलेल. बिऱ्हाडे जास्त असतील तिथे चौथा मजला लागेल, कुठे पाचवाही लागेल. तो रस्त्याच्या रेषेपासून आत घ्यावा म्हणजे बोळात ऊन येते. बाजूची अंतरे सोडल्याने पेठेत कोणाला उजेड मिळालेला मी पाहिलेला नाही. दोन इमारतींमधल्या त्या फटीत कचरा साचतो आणि घुशी होतात. उजेड चौकातून येत असे, आणि नव्या घरातही तो तिथूनच येईल.

रस्तारुंदीची रेघही इथे आड येते. नवी इमारत मागे सरकते, जुनी जागेवर राहते, आणि पडक्या दातांसारखा तो रस्ता वर्षानुवर्षे तसाच राहतो. मागे सरकलेल्या तुकड्यावर गाड्याच लागतात. ज्या गल्ल्या रुंद होण्याची शक्यताच नाही, त्यांच्यावरून ही रेघ काढून टाका.

बांधकाम व्यावसायिकांशी मला सामाईक भिंतीबद्दल बोलायचे आहे. आमच्या शेजारचा वाडा उतरवला तेव्हा त्याची आणि आमची मधली भिंत उघडी पडली. आत कोणीतरी कधीकाळी लावलेला निळा रंग, दिव्याच्या काजळीने काळा झालेला कोनाडा, तुळयांची रिकामी भोके, सगळे आता रस्त्यावरून दिसते. ही भिंत पावसात उभी राहण्यासाठी बांधलेलीच नव्हती. दोन घरांच्या कुशीत ती कोरडी राहिली म्हणून टिकली. पांढऱ्या मातीत पाणी मुरले की ती आतून फुगते आणि खांबांपासून सुटते. आज तिच्यावर ताडपत्री टाकली आहे आणि वारा आला की ती उडते. ज्याने वाडा उतरवला त्याने शेजारच्या भिंतीला टेकू आणि गिलावा देऊनच पुढचे काम सुरू करावे, एवढी अट परवान्यात घालायला काय हरकत आहे? पेठेतले कितीतरी वाडे म्हातारे होऊन पडले नाहीत, शेजार गेल्यामुळे पडले.

मालक आणि भाडेकरू यांच्यात दोष वाटत बसण्यात अर्थ नाही. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली, १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पण ती मुळातल्या दहा-वीस रुपयांवर. त्यात कौले बदलणेही होत नाही. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही आणि दोघेही एकाच गळत्या छपराखाली अडकले. शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांची अवस्था तर याहून बिकट. स्मारक कायद्यात २०१० मध्ये झालेल्या बदलानंतर संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम बंद आणि दुरुस्तीलाही परवानगीच्या खेपा. त्या परवानग्यांसाठी महापालिकेने पेठेतच एक खिडकी उघडावी.

वारसा समितीला माझी विनंती आहे की यादीबाहेरच्या घरांकडे पाहा. भिडे वाड्याचे उदाहरण फार जुने नाही. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा सुरू केली, तो बुधवार पेठेतला वाडा कोर्टकज्जे संपेपर्यंत इतका खचला की डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडावा लागला. ज्या वाड्याला सारा महाराष्ट्र ओळखतो त्याची ही गत, तर निनावी घरांना कोण विचारतो? अहमदाबादचे जुने शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा ठरले, त्यात तिथल्या ‘पोळ’ नावाच्या वस्त्यांमधल्या साध्या लाकडी घरांचा मोठा वाटा आहे, आणि ती घरे राखणाऱ्या मालकांना विकास हक्क विकता येतात. पुण्यात यादीतल्या निवडक वास्तूंपुरतीच अशी तरतूद ठेवून भागणार नाही. जो मालक रस्त्याची रेषा, सामाईक भिंत आणि वापरातला तळमजला राखून नवे बांधेल, त्यालाही हा मोबदला मिळायला हवा.

आणि भाडेकरूंच्या करारात एक ओळ घाला. ज्याचा व्यवसाय तळमजल्यावर होता, त्याला पर्यायी जागा तळमजल्यावरच. आमच्याकडच्या एक काकू दिंडी दरवाज्याशी बसून गजरे करत आणि विकत. बांधकाम होईपर्यंत त्या धायरीला भाड्याने राहतात आणि बसने येऊन समोरच्या पायरीवर बसतात. नव्या इमारतीत त्यांना तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. खोली चांगली आहे, नळ आत आहे, त्याचे त्यांना अप्रूप आहे. गजऱ्याची टोपली कुठे ठेवायची, याचे उत्तर मात्र त्यांना कोणी दिलेले नाही.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात. नोटिशीमागून वाडा उतरतो आणि त्यामागून खांबांवरच्या इमारतीचा नकाशा येतो. पुढच्या नोटिसा निघण्याआधी पार्किंगची सवलत आणि तळमजल्याच्या चटईक्षेत्राचा निर्णय व्हावा. आमच्या शेजारचे काम अजून जोत्याच्या वर आलेले नाही, तेव्हा त्या नकाशात दुरुस्ती शक्य आहे. रस्त्याकडच्या दोन खणांत गाड्यांऐवजी लहान गाळे काढावेत, आणि त्यातला दाराजवळचा गाळा काकूंच्या नावे लिहावा. महापालिका आणि संबंधित व्यावसायिक या दोघांकडूनही मी लेखी उत्तराची अपेक्षा करते.

कळावे,
आपली नम्र,
कसबा पेठेतील एक रहिवासी