छाप कुणाची, अंग कुणाचं?

गेल्या वैशाखात आमच्या बस्तीत पंचकल्याणक पूजा झाली. महिला मंडळाच्या आम्हा सगळ्या जणींना एकसारख्या साड्या मिळाल्या. केशरी अंग, हिरवे काठ, पदरावर मंडळाचं नाव आणि त्या नावाखाली, नावापेक्षा मोठ्या आकारात, देणगीदार पेढीचं चिन्ह. स्वयंसेवक पोरांना त्याच रंगाचे टी-शर्ट. साड्यांच्या गठ्ठ्यावर चिठ्ठी होती, ‘कॉटन साडी’. हात लावताच मला कळलं होतं की हे निव्वळ सूत नव्हे. पण धर्माच्या गाईचे दात कोण मोजतं, म्हणून मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचीच लाज वाटते, म्हणून आज लिहिते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भोजनशाळेत भट्टीजवळ उभ्या असलेल्या आमच्या थोरल्या अक्कांच्या पदराला जाळ लागला. शेजारणीने लगेच हातावर पाणी ओतलं, जाळ विझला. पण कापड जळून राख होऊन झडलं नाही. ते आकसलं, वितळलं आणि मनगटाच्या वर कातडीला चिकटलं. भाजलं त्यापेक्षा जास्त त्या चिकटलेल्या कापडाने छळलं. अजून अक्का पोळी लाटताना उजवा हात जपून चालवतात.

पुढच्या बैठकीत एक जण म्हणाल्या, “पदर खोचायला हवा होता अक्कांनी.” झालं! चूक अक्कांची ठरली. कापड कुणी निवडलं, कशावरून निवडलं, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मी काढला, तर उत्तर मिळालं, “अहो, चिन्ह त्याच्यावरच उठून दिसतं.”

उत्तर खोटं नव्हतं. मी छपाईवाल्याकडे जाऊन चौकशी केली. हल्ली रंगीत चिन्हं ज्या पद्धतीने छापतात, तिच्यात कागदावरचा रंग दोनशे अंशांच्या आसपास तापवून त्याची वाफ करतात. ती वाफ पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते आणि तिथेच मुरते. सुताला ती धरत नाही. कापडात निम्मं सूत असलं, तर छपाई धुतल्यासारखी फिकट दिसते. म्हणून छपाईवाला सांगतो, “ताई, पॉलिएस्टर जास्त असलेलं घ्या.” तो त्याच्या यंत्राचं बघतो, देणगीदार त्याच्या चिन्हाचं बघतो, खजिनदार दराचं बघतात. नेसणारीचं कोण बघतं? ती तर बैठकीत चहाचे कप गोळा करत असते.

आता कुणी म्हणेल, ही बाई मिश्र कापडाच्याच विरुद्ध दिसते. मुळीच नाही. माझी आई दर रविवारी वडिलांचे सुती सदरे खळ घालून, पाणी शिंपडून, कोळशाच्या इस्त्रीने दोन-दोन तास घोटायची. टेरिकॉट घरात आलं तेव्हा तिच्या हातांना पहिल्यांदा सुटी मिळाली. झटकून वाळत घातलं की झालं. त्या कापडाला नावं ठेवणाऱ्या पुरुषांनी कधी बादलीभर ओलं सूत पिळलं नव्हतं. एवढंच कशाला, खादीच्या दुकानातसुद्धा ‘पॉलीवस्त्र’ मिळतं, ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. आणि सूत म्हणजे सगळं पवित्र, असंही नाही. कापसाच्या शेतात किती फवारण्या होतात, ते आपल्या शेतकरी घरांतल्या बायकांना सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणींनी हजारो कोश उकळून काढलेलं रेशीम सोडलं. त्यांना मानवनिर्मित धाग्याच्या चमकीचा आधार वाटला, यातही काही वावगं नाही.

मिश्रण आपल्या भागाला नवं नाही. आपल्या आज्यांची इरकल आठवा. अंग सुताचं, पदर रेशमाचा, आणि दोन्हींचा सांधा मागावर एकेका धाग्याच्या फासाने जोडलेला. कुठे काय आहे, ते नेसणारीला ठाऊक असायचं. मशरू नावाचं जुनं कापड तर याहून शहाणं. वरून रेशमाची झळाळी, अंगाला लागणारी आतली बाजू सुताची. रेशीम अंगाला लागू नये अशी ज्यांच्या धर्माची शिस्त, त्यांच्यासाठी विणकराने हा तोडगा काढला. म्हणजे मिश्रण कसं करायचं, हे नेसणाऱ्याच्या अंगावरून आणि मनावरून ठरलं. आपण मात्र ते चिन्हावरून ठरवतो.

माझी पहिली तक्रार आहे लपवाछपवीची. ‘कॉटन फील’, ‘सॉफ्ट कॉटन’, ‘कॉटन सिल्क’ ही सगळी गोड नावं. त्यांत कॉटन किती, ते विचारा, दुकानदार दुसरा ताग्याचा रंग दाखवायला लागतो. पूर्वी ताग्याच्या किनारीवर टक्केवारी छापलेली दिसायची. आता पन्नास-साठ साड्यांची ऑर्डर कापून, छापून येते, तेव्हा ती किनार कुठे गेलेली असते कोण जाणे. आपल्याकडे अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे. हलक्या मालाची भेसळ करून तो चांगला म्हणून खपवणं, हा चोरीचाच दोष. हे आपण पाठशाळेत घोकतो आणि मंडळाच्या खरेदीत विसरतो. मिश्र कापड विकणं हा दोष नव्हे. मिश्र असून ‘कॉटन’ म्हणणं हा दोष आहे.

दुसरी तक्रार आगीची. ही नीट समजून घ्या, बायांनो. सुती कापडही पेटतं, चांगलं भराभर पेटतं. पण ते वितळत नाही. निव्वळ पॉलिएस्टर अडीचशे अंशांच्या वर वितळतं आणि पुष्कळदा आकसून जाळापासून लांब सरकतं, गळून पडतं. दोन्ही एकत्र आले की काय होतं? समई आठवा. सूत होतं वात आणि वितळलेलं पॉलिएस्टर होतं तेल. वात तेलाला धरून ठेवते आणि जळत राहते. म्हणून भट्टीजवळ मिश्र कापड हे दोन्हींपेक्षा वाईट ठरू शकतं. आणि असं कापड कातडीला चिकटलं, तर ओढून काढू नका. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी घाला आणि डॉक्टरांकडे न्या. आम्हाला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. ओढण्याच्या घाईनेच अक्कांची कातडी जास्त सोलली.

तिसरी तक्रार घामाची, आणि ती आपण चारचौघांत बोलत नाही. सूत आपल्या वजनाच्या साधारण आठ टक्के ओल हवेतूनच धरून ठेवतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. पन्नाशीच्या बाईला वैशाखात भर दुपारी अचानक अंगातून वाफा येतात, पाठीवरून घामाची धार लागते. तिला प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या साडीत सहा तास उभं करायचं आणि फोटोत हसायला सांगायचं! मंडळात निम्म्या जणी या वयाच्या आहेत. मांड्यांना, काखेत पुरळ उठलेल्या किती जणी होत्या, ते एकमेकींच्या कानात सांगून झालं. ठरावात मात्र एक ओळ आली नाही.

पाणी गाळायला आपण कसं कापड घेतो? जाड, घट्ट विणीचं, दुपदरी, सुती. उजेडाशी धरून बघतो, विरलं असेल तर बदलतो. पाण्याच्या थेंबातल्या दिसत नसलेल्या जिवासाठी आपण कापड पारखतो. मग शेजारी उभ्या असलेल्या, दिसणाऱ्या, बोलणाऱ्या बाईच्या अंगावर काय घालतो, ते पारखायला आपल्याला वेळ का नसतो?

“मग काय एकसारख्या साड्या घ्यायच्याच नाहीत?” असं मला विचारलं गेलं. घ्या की. एकसारख्या साडीत श्रीमंत-गरीब भेद झाकला जातो, हे मला आवडतं. पण कापड कामावरून ठरवा. भट्टीवर, चौक्यात, आरतीच्या तबकाजवळ असणाऱ्यांना निव्वळ सुती. बाहेर पाणीवाटप, चपला, वाहनतळ सांभाळणाऱ्या पोरांना साठ टक्के सूत आणि चाळीस टक्के पॉलिएस्टर असा टी-शर्ट छान. लवकर वाळतो, आटत नाही, पुढच्या वर्षीही चालतो. मिरवणुकीतल्या झेंड्याला काय हवं ते लावा, त्याला घाम येत नाही. आणि चिन्हाचं म्हणाल, तर सुतावर जाळीची जुनी छपाई उत्तम बसते, नाहीतर काठाला धाग्याची छोटी भरतकामाची खूण करा. रंग दोनच राहतील, चिन्ह लहान होईल. देणगीदाराचं पुण्य चिन्हाच्या आकारावर मोजलं जात असेल, तर गोष्ट वेगळी.

पैसे जास्त लागतील, हे खरं. मग साड्या दरवर्षी नकोत, तीन वर्षांतून एकदा घ्या. माझ्या कपाटात मंडळाच्या सात साड्या आहेत, सातही कुठल्या ना कुठल्या पेढीची जाहिरात करतात. त्यातली एकही मी घरात नेसत नाही. कामवाल्या मावशींना दिली, तर त्याही म्हणाल्या, “वैनी, गरम होतंय हो ही.” मग ही काटकसर कसली?

पुढच्या खरेदीला एक गोष्ट करा. नमुन्याच्या कापडाच्या काठातून उभे-आडवे चार धागे काढा, अंगणात पितळी ताटलीत चिमट्याने धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि बोटाने चुरडणारी राख आली, तर सूत. काळा धूर आणि टणक मणी उरला, तर पॉलिएस्टर. दोन्ही दिसलं, तर मिश्र. मग दुकानदाराला प्रमाण विचारा आणि पावतीवर लिहून घ्या. लाजू नका. भाजीवाल्याकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, इथेच का लाजतो?

येत्या पर्युषणाच्या तयारीची बैठक लवकरच होईल. मी धागे आणि काडेपेटी घेऊन जाणार आहे. अक्काही येणार आहेत. या वेळी कापड त्यांच्या हातून निवडू द्या, असा ठराव मी मांडणार आहे. ज्या हाताला ते चिकटलं, त्या हाताला ते पारखण्याचा पहिला हक्क.