गावाला कुलूप लागतं का?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या मराठी घरांत एक वाद हमखास होतो. आई-बाबा निवृत्त होतात आणि म्हणतात, "आता गावाकडे जाऊन राहतो." मुलगी म्हणते, "एवढ्या मोठ्या वाड्यात दोघंच? रात्री काही झालं तर?" बाबा म्हणतात, "तुमच्या दिल्लीपेक्षा आमचं गाव शंभर पटीने सुरक्षित." मग मुलगी सोसायटीच्या गेटचे गोडवे गाते: मायगेटवर नोंद झाल्याशिवाय आत कोणी येत नाही, जिन्यात कॅमेरे आहेत, दोन गार्ड रात्रभर जागे असतात. बाबा विचारतात, "समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं गं?" आणि मुलगी गप्प होते.

मला हा वाद फार आवडतो, कारण त्यात दोघांचंही थोडं खरं असतं आणि पुरावा कोणाकडेच नसतो. गाव सुरक्षित आहे की नाही, हे आपण ठरवतो तरी कशावरून?

इंग्लंडमध्ये हे बसल्याजागी पाहता येतं. तिथल्या पोलिसांनी २०११ साली एक नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. आपल्या गावाचं नाव टाकलं की त्या महिन्यात तिथे कोणत्या प्रकारचे किती गुन्हे नोंदले गेले ते दिसतं. नेमकं घर मात्र कळू देत नाहीत. ऐकायला छान वाटतं, पण छोट्या गावाचे आकडे मोठे फसवे असतात. चारशे वस्तीच्या गावात गेल्या वर्षी दोन सायकली चोरीला गेल्या आणि यंदा चार गेल्या, तर 'चोऱ्यांत शंभर टक्के वाढ' असा मथळा बिनदिक्कत छापता येतो. प्रत्यक्षात एकच टवाळ पोरगा त्या भागात राहायला आलेला असू शकतो.

आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीचा अहवाल काढतो. १९५३ सालापासूनचे आकडे त्यात सापडतात. त्यातून राज्य कळतं, जिल्हा कळतो, मोठं शहर कळतं. आजोळच्या गावाचं काय, हे त्यातून कळत नाही. शिवाय कागदावर येतो तो फक्त नोंदलेला गुन्हा. पोलीस ठाणं तीस किलोमीटर लांब, एसटी दिवसातून दोनदा, तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची तो गावातला वजनदार माणूस, अशा ठिकाणी नोंद शून्य असली तर त्या शून्याचा अर्थ काय लावायचा? 'आमच्या गावात एकही केस नाही' हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. ते ऐकलं की पहिला प्रश्न मनात येतो: चोरी झाली नाही, की तक्रार करायला कोणी गेलंच नाही?

सुरक्षित गाव म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर एकच नाव येतं, शनिशिंगणापूर. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, नेवासा तालुका. उघड्या चौथऱ्यावर काळी शिळा, डोक्यावर छप्पर नाही. गावातल्या घरांनाही परंपरेने दारं नाहीत. चौकट असते, पडदा असतो, कुत्री-मांजरं येऊ नयेत म्हणून एखादी फळी आडवी लावलेली असते. शनिदेव गावाची राखण करतो, चोरी करणारा धडपणे शिवेबाहेर जाऊ शकत नाही, ही श्रद्धा. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला प्रश्न पडायचा की मग आंघोळ कुठे करत असतील! (न्हाणीघराला पडदा असतो म्हणे.)

पुढचं जास्त रंजक आहे. २०११ च्या जानेवारीत युको बँकेने गावात शाखा उघडली आणि देशभर बातमी झाली, बिनकुलपाची बँक. बँकेने गावाचा मान राखला, पण रोकड काही उघड्यावर ठेवली नाही. काचेचं दार लावलं, त्याला सहज नजरेस न पडणारं विजेवर चालणारं कुलूप बसवलं आणि पैसे भक्कम पेटीत ठेवले. २०१५ साली गावात पोलीस ठाणं आलं. त्याआधीच, २०१० नंतर, बाहेरून आलेल्या भाविकांच्या वस्तू चोरीला गेल्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखत होते तिथे रोज हजारो अनोळखी माणसं येऊ लागली, की ओळखीवर उभी असलेली व्यवस्था ताणली जाणारच. त्यात श्रद्धा कमी झाली असं मला वाटत नाही.

आणि मग २०२५ साल. देवस्थानच्या नावाने बनावट ॲप काढून, ऑनलाइन पूजा आणि अभिषेकाच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं. गुन्हा दाखल झाला, विषय थेट विधानसभेत गेला. ज्या गावाला दार नाही, त्या गावाच्या नावाने झालेली लूट मोबाइलमधून झाली. चोराला शिंगणापूरची शीव ओलांडावीही लागली नाही.

शनीची गोष्ट बाजूला ठेवली तरी महाराष्ट्रातल्या गावांची स्वतःची राखणीची पद्धत होतीच. रात्री गस्त घालणारा जागल्या होता, आरोळी होती, चावडी होती. आज त्या साखळीतली एक कडी शिल्लक आहे, ती म्हणजे पोलीस पाटील. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली त्यांची नेमणूक होते. ते गावातलेच रहिवासी, मानधन बेताचं, हातात बंदूक नाही की अंगावर वर्दी नाही. काम काय, तर गावात काही घडलं किंवा घडण्याची चिन्हं दिसली की ठाण्याला कळवायचं. जोडीला ग्रामसुरक्षा दलाचे तरुण असतात. अलीकडे अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणाही आली आहे. एका ठरावीक नंबरवर एकाने फोन करून निरोप सांगितला की तो त्याच्याच आवाजात गावातल्या नोंद केलेल्या सगळ्या मोबाइलवर फोन म्हणून वाजतो. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, सगळ्याला उपयोगी. रात्री दोन वाजता व्हॉट्सॲप कोण बघतं? फोन वाजला तर उठतोच माणूस. जुन्या आरोळीचंच हे नवं रूप आहे, आणि मला ते कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचं वाटतं. कॅमेरा सकाळी सांगतो काय झालं ते. आरोळीने शेजारी त्याच क्षणी दारात येतो.

आम्ही राहतो त्या एनसीआरच्या हरियाणाकडच्या भागातही अशीच एक जुनी चाल आहे, ठीकरी पहरा. ठीकरी म्हणजे खापराचा तुकडा. गावातल्या धडधाकट पुरुषांनी पाळीपाळीने रात्री पहारा द्यायचा. त्यासाठी १९१८ चा जुना पंजाब कायदा आहे आणि चोऱ्या वाढल्या की आजही जिल्हाधिकारी त्याचा आधार घेऊन आदेश काढतात. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींपासून थोड्याच अंतरावरच्या गावांत माणसं काठी घेऊन फेऱ्या मारतात, हे चित्र मला फार गमतीचं वाटतं. आणि इंग्लंडमध्ये? चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन नावाच्या छोट्याशा गावात १९८२ साली शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवायची योजना सुरू केली. ब्रिटनमधली ती पहिली. कल्पना त्यांनी अमेरिकेकडून घेतली. आपल्या एखाद्या जागल्याने ती ऐकली असती तर म्हणाला असता, यात नवीन काय?

इथवर सगळं छान आहे. पण लक्ष ठेवणारं गाव संशय घेणारं गाव कधी होतं, ते धुळे जिल्ह्याने पाहिलं आहे.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्याआधी कित्येक दिवस मोबाइलवर व्हिडिओ फिरत होते: मुलं पळवणारी टोळी आली आहे, सावध राहा. टोळी नव्हतीच. कोणीतरी त्या पाच जणांवर संशय घेतला, जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारहाणीत पाचही जणांचा जीव गेला. त्यानंतर काही आठवड्यांत व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याच्या लोकांनाही त्या दिवशी आपण मुलांचं रक्षण करतोय असंच वाटत होतं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. भटक्या माणसाकडे जन्मानेच चोर म्हणून बघायची सवय आपल्याला १८७१ च्या इंग्रजी कायद्याने लावली. स्वतंत्र भारताने तो कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या. नजर मात्र मोकळी झालेली नाही, आणि ती फक्त गावातच आहे असंही नाही. सोसायटीच्या ग्रुपवर सामान पोचवायला आलेल्या मुलाचा फोटो 'संशयित' म्हणून टाकणारे काका तुमच्याही ग्रुपमध्ये असतील. तासाभराने कळतं की तो बिचारा चुकीच्या टॉवरमध्ये शिरला होता. फोटो तोवर सात ग्रुपांत पोचलेला असतो.

महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २००७ पासून एक वेगळा प्रयोग केला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाने समिती नेमायची, बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे सामोपचाराने मिटवायचे, चांगलं काम करणाऱ्या गावाला पुरस्कार. बांधावरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या घरांसाठी हे वरदानच. पण बक्षीस जेव्हा शांततेला मिळतं, तेव्हा गप्प बसवण्याचाही मोह होऊ शकतो. बांधाचा वाद पारावर मिटला तर उत्तम. मारहाण सोसणाऱ्या सुनेची तक्रार पारावर मिटवायची नसते, ती ठाण्यात जायला हवी. देशात महिलांविरुद्ध नोंदल्या जाणाऱ्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा कशाचा आहे, माहीत आहे? पती किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या छळाचा. २०२२ च्या अहवालात तो सुमारे ३१ टक्के होता. तिथे गेटवरचा गार्ड काय करणार आणि वेशीवरचा पहारेकरी काय करणार?

ठाणं लांब असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनुसार दखलपात्र गुन्ह्याची तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कोणाची ते नंतर बघतात. ऑनलाइनही कळवता येतं, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. म्हणजे आई गावी आणि मुलगी नोएडाला असली तरी तक्रारीची सुरुवात घरबसल्या होऊ शकते.

तर मग आई-बाबांनी गावी जावं की नाही? माझं मत विचाराल तर जावं, पण जाण्याआधी गावाबद्दल वेगळे प्रश्न विचारावेत. चोऱ्या किती होतात, हे विचारून फार काही हाती लागत नाही. रात्री हाक मारली तर कोण येईल, ते विचारा. पोलीस पाटील कोण आहेत, ग्रामसुरक्षा यंत्रणेत घरचा मोबाइल नोंदवला आहे का, शेजारच्या घराची किल्ली कोणाकडे असते. दिल्लीतच राहायचं ठरलं तर दिल्ली पोलिसांकडे ज्येष्ठ नागरिक म्हणून नाव नोंदवता येतं, त्यांची १२९१ ही हेल्पलाइन आहे, आणि बीटचा हवालदार अधूनमधून घरी येऊन चौकशी करतो. गुरुग्राम-नोएडा वेगळ्या राज्यांत येतात, तिथे हा नंबर चालत नाही. देशभर कुठेही असाल तर संकटात ११२, ज्येष्ठांसाठी १४५६७, आणि फोनवरून पैसे गेले तर लगेच १९३०. हा शेवटचा नंबर आजी-आजोबांकडून पाठच करून घ्या. 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे' असं सांगणारा फोन वाड्यातही वाजतो आणि बाराव्या मजल्यावरही.

दिवाळीत गावी जाणार असाल तर हे देशभर चालणारे तीन नंबर मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळच्या भिंतीवर चिकटवा, आणि चावडीवर एक चक्कर मारून या. पोलीस पाटलांचा नंबर तुम्ही घ्या, तुमचा त्यांना द्या. बहुतेक घरांत आईकडे त्यांचा नंबर असतो, पण त्यांच्याकडे दिल्लीतल्या मुलीचा नसतो.